तिसरं रीडिंग

तासगाव स्टँडच्या मागं, बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला लागून
माझं फॉर्म भरायचं दुकान.
दोन जीबीचा संगणक. शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला
की ट्यूबलाइट एक डोळा मिचकावते
आणि माझं बोट आपोआप सेव्हवर जातं.

सातबारा उघडायला एकेचाळीस सेकंद.
मोजलेत. अंदाज नाही.
अप्पांचं स्टॉपवॉच आहे माझ्याकडं,
तीस वर्षं खो-खोच्या पोरी पळवलेलं,
दोरी तीनदा बदललेली, बटण अजून कडक.
अप्पा म्हणायचे, एका पळण्यावर भरवसा नको.
पहिल्यांदा अंग थंड असतं.
दुसऱ्यांदा पोरगी तुला दाखवायला पळते.
तिसरं खरं.

तर रविवारी शटर अर्धं ओढून
मी चौघांना मैदानात उतरवलं:
आधीपासून असलेला रंगीत भोवरा,
कोल्हा, सिंह, आणि ते लाल कडं.
एकच पान, एकच वायर, बाकी सगळं बंद.
उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने.

भोवरा एकेचाळीस, अडतीस, एकेचाळीस.
लाल कडं पहिल्या झटक्यात एकोणीस!
मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले.
तिसऱ्याला छत्तीस.
सिंह जाहिराती खातो, सव्वीसवर येतो,
पण पैसे भरायची खिडकीही जाहिरात समजून गिळतो,
मग गिऱ्हाईक विचारतं, ताई, पावती?
कोल्हा तेहतीस.
कोल्हा तेहतीस.
कोल्हा तेहतीस.
असली एक पोरगी प्रत्येक संघात असायची.
अप्पा तिला शाबासकी देत नसत
आणि बाहेरही कधी बसवत नसत.

कोल्हा घेतला. मग त्याच्या पोटात हात घातला.
चित्रं बंद. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद.
कुणीतरी कधीतरी बसवलेला राशिभविष्याचा पट्टा
उपटला. सांडग्यांवरच्या मुंग्या झटकाव्यात
तशी एकेक एक्स्टेंशनं झटकली. सत्तावीस.
पाचाच्या वर टॅब नाहीत, असं कागदावर लिहून
मॉनिटरला चिकटवलं, स्वतःसाठीच.
चोवीस.

राहिली जुनी साठवण.
कॅशे, कुकीज, फॉर्मचा इतिहास.
पुसायच्या आधी, सहज, नावाच्या रकान्यात
'ह' दाबला.
खाली यादी लोंबली.
हसीना बाबालाल मुजावर, रेशनकार्डातून एका नवऱ्याला वगळायला आलेली.
हणमंत बिरनाळे, दरवेळी वेगळी जन्मतारीख सांगणारा.
हौसाक्का, पुढं रिकामं,
"आडनाव ऱ्हाऊ दे, कोणचं लावायचं ते कोर्ट ठरवंल."
हेमलता शिंत्रे, नर्सिंगचा फॉर्म,
फोटोत हसू नको म्हटलं तर जास्तच हसली.
आता कुवेतला आहे म्हणे.

'र' दाबला नाही.
'र'मध्ये अप्पा आहेत,
रंगराव सखाराम जमदाडे, हयातीचा दाखला,
दर नोव्हेंबरात, सलग नऊ.

खिडकी विचारत होती, आत्ताच पुसायचं?
किती सेकंद खात असतील ही माणसं? अर्धा? एक?
मोजायचं म्हटलं तर आधी पुसावं लागेल,
आणि पुसणं एकदाच पळतं.
त्याचं तिसरं रीडिंग नसतं.

शेवटच्या चौकटीतली खूण काढली.
बाकीचं पुसलं.
बावीस, तेवीस, बावीस. वहीत लिहिलं,
खाली रेघ मारली, अप्पा मारायचे तशी, पट्टीशिवाय.

कॉम्प्रेसर सुरू झाला. दिव्यानं डोळा मारला.
शटरखालून वाकून एकजण आत आला,
"सातबारा निघंल का?"
निघाला. त्याचा हात अजून खिशातच होता.
"एवढ्यात?" म्हणाला,
आणि कागद उजेडाला धरून
उलटसुलट बघत राहिला,
खरा आहे का.